धून ठाऊक, माणूस अनोळखी

गोंदिया, १९७५

पौषातली पहाट. तुम्ही गोंदियातल्या एका घराच्या सपरीत घोंगडी पांघरून बसला आहात. गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यात आहे. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागेल. भिंतीशी बिड्यांचं सूप टेकवून ठेवलं आहे, त्यात रात्री कापलेला तेंदूपत्ता. रेल्वेच्या यार्डात छोट्या गाडीचं इंजिन वाफ सोडतं आहे. सहाला काही मिनिटं कमी असताना घरचे आजोबा कोनाड्यातला ट्रान्झिस्टर लावतात. आधी नुसती खरखर, मग तंबोऱ्याचा झंकार, आणि त्यावर व्हायोलिनचे मोजके स्वर. वर चढणारे, थबकणारे, परत फिरणारे.

ही धून तुम्हाला पाठ आहे. या देशातल्या कोट्यवधी घरांची पहाट तिनेच झाली. तुम्ही आजोबांना विचारता, ही बांधली कोणी?

“रेडिओचीच हाये जी ते,” आजोबा म्हणतात आणि बातम्यांसाठी आवाज वाढवतात.

त्यांचं काही चुकलेलं नाही. धुनेसोबत कर्त्याचं नाव सांगण्याची रीत नाही. ते नाव हवं असेल, तर तुम्हाला एक्केचाळीस वर्षं मागे जावं लागेल. उठा, स्टेशन जवळच आहे. हावड्याकडून येणारी मुंबईची गाडी पकडा.

मुंबई, १९३४

आता तुम्ही बंदरावर उभे आहात. बोटीतून उतरणाऱ्या गर्दीत सत्ताविशीच्या घरातला एक तरुण आहे. जन्म १ एप्रिल १९०७, गाव कार्ल्सबाड, बोहेमिया. तो जन्मला तेव्हा तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीचं राज्य होतं. आता ते गाव चेकोस्लोव्हाकियात आहे. घरची भाषा जर्मन, कुटुंब ज्यू. नाव वॉल्टर कॉफमन.

त्याच्यासोबत तो काय घेऊन आला आहे, ते नीट पाहा. बर्लिनमध्ये तो फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे संगीतरचना शिकला. तिथेच त्याला कुर्ट झाक्स भेटले. जगभरच्या वाद्यांची शास्त्रीय वर्गवारी करणाऱ्या दोन पंडितांपैकी हे एक. त्यांची वर्गवारी १९१४ सालची. तार, कातडं, घन आणि वारा हे तिचे चार गट. भरतमुनींच्या तत, अवनद्ध, घन आणि सुषिर या जुन्या विभागणीच्या किती जवळ आहे ती! पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात कॉफमनची डॉक्टरेट पुरी होत आली होती. त्याच सुमारास आपले एक प्राध्यापक नाझी संघटनेचे पुढारी असल्याचं त्याला कळलं, आणि त्याने ती पदवी नाकारली. ज्या कागदाच्या जोरावर आयुष्यभराची नोकरी मिळाली असती, तो कागद त्याने घेतला नाही.

मग भारतच का? व्हिसा सहज मिळत होता, हे एक कारण त्याने पुढे स्वतःच सांगितलं. दुसरं कारण जास्त मोलाचं आहे. युरोपात असताना त्याने भारतीय संगीताच्या काही तबकड्या ऐकल्या होत्या. त्या त्याला परक्या वाटल्या, काहीच कळेना. पुन्हा ऐकल्या, तरी तेच. त्याच्या जागी दुसरा कोणी असता, तर हे संगीतच मागासलेलं आहे असं म्हणून मोकळा झाला असता; त्या काळचे कितीतरी युरोपीय विद्वान तसं म्हणतच होते. कॉफमनने वेगळा विचार केला. हे संगीत माणसांनीच घडवलं आहे, लाखो लोक त्यावर जीव लावतात, तेव्हा उणीव त्या संगीतात नसून माझ्यात आहे. आणि ती भरून काढायची, तर ते जिथे जन्मलं तिथे जाऊन ऐकलं पाहिजे.

हा विचार डोक्यात घेऊन तो मुंबईत उतरतो आहे. त्याच्यामागून चला.

मुंबई, १९३७, गुरुवार

विलिंग्डन जिमखान्यात पंखे फिरत आहेत. समुद्रावरून दमट वारा येतो आहे आणि व्हायोलिनच्या तारा पुन्हा पुन्हा जुळवाव्या लागत आहेत. समोर पियानोवर कॉफमन. व्हायोलिन हातात घेतलेले पारशी गृहस्थ मेहली मेहता. त्यांच्या घरी गेल्याच वर्षी मुलगा झाला आहे, झुबिन. जग पुढे त्याला ऑर्केस्ट्राचा संचालक म्हणून ओळखेल. चेलोवर इटालियन वादक एदिजिओ वेर्गा. ही बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी. कॉफमनने मुंबईत पाय टाकला आणि काही महिन्यांतच तिची जुळवाजुळव केली. दर गुरुवारी मैफल. या १९३७ च्या मे महिन्यापर्यंत १३६ मैफली झाल्या आहेत. मोजके श्रोते, परदेशातून मागवावे लागणारे स्वरलेखाचे कागद, मुंबईच्या हवेत सुटणारे वाद्यांचे सांधे, आणि तरीही १३६!

मैफल संपली की कॉफमनसोबत रेडिओ स्टेशनात चला. मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्याच्याकडे आहे. १९४६ पर्यंत तो हे काम करणार आहे. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव संस्थेला जून १९३६ मध्ये मिळालं, आणि तिची ओळखधून याच माणसाच्या नावावर आहे. व्हायोलिन मेहली मेहतांचं, असं सांगितलं जातं.

आता ती धून नव्या कानांनी ऐका. गोंदियातल्या सपरीत ऐकली तेव्हा ती सवयीची होती. इथे स्टुडिओत, कर्त्याच्या शेजारी उभं राहून ऐकली की तिच्यातला निर्णय कळतो. स्वर शिवरंजनीच्या वाटेने जातात: सा, रे, कोमल गंधार, पंचम, धैवत. मध्यम नाही, निषाद नाही. व्हायोलिन युरोपातून आलेलं, पण खाली तंबोरा आहे. युरोपीय संगीतात सुरावटीच्या खालची जमीन सतत सरकत असते. एक स्वरसमूह जातो, दुसरा येतो, आणि त्या बदलांतूनच भाव उभा राहतो. बर्लिनच्या शाळेत कॉफमन नेमकं हेच शिकला होता. तंबोरा मात्र जागचा हलत नाही. त्याच्यापुढे एकट्या सुराला स्वतःच्या बळावर उभं राहावं लागतं. कॉफमनने इथे आपलं शिक्षण बाजूला ठेवलं आणि षड्जावर विश्वास टाकला. म्हणूनच आपल्यापैकी कोणालाही ती धून कधी विलायती वाटली नाही.

त्याच्या घरीही डोकावून या. वॉर्डन रोडच्या बाजूला, महालक्ष्मीच्या देवळाजवळ त्याचा मुक्काम. पत्नी गेर्टी. लेखक फ्रान्झ काफ्काची ही सख्खी भाची, त्याची बहीण एली हिची मुलगी. १९३८ साली कॉफमनचा ‘अनसूया’ हा ऑपेरा मुंबई रेडिओवरून प्रसारित झाला, तेव्हा या घरात आनंद होता. पण युरोपातून येणारी पत्रं त्याच साली काळवंडू लागली होती. ऑक्टोबर १९४१ मध्ये गेर्टीच्या आईला प्रागमधून लॉड्झच्या छळवस्तीत नेण्यात आलं. ती परत आली नाही. काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींनी मारल्या. मुंबईत बसून संगीत लिहिणाऱ्या माणसामागे हे सगळं उभं होतं, हे त्याच्या रचना ऐकताना विसरू नका.

गोंदिया, १९४०, छोटी गाडी

तुम्ही पुन्हा गोंदिया जंक्शनवर आला आहात. मोठ्या गाडीतून उतरून पलीकडच्या फलाटावर जा. बंगाल नागपूर रेल्वेचा सातपुड्याचा फाटा इथून सुटतो. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. डबा इतका अरुंद की समोरच्याच्या गुडघ्याला तुमचा गुडघा लागतो. गोंदिया ते नैनपूर हा मार्ग १९०३ मध्ये सुरू झाला आणि १९०५ पर्यंत जबलपूरला जाऊन भिडला. नैनपूरहून एक फाटा मंडल्याला जातो. मैकल डोंगरातल्या गोंड आणि बैगा वस्त्यांकडे जाणाऱ्याला हीच गाडी सोयीची.

गाडी शिट्टी देते. धानाची कापलेली शेतं मागे पडतात, बाघ नदी ओलांडली जाते, बालाघाट येतं. त्यापुढे साल आणि बांबूचं जंगल खिडकीला घासू लागतं. चढ लागला की वेग इतका मंदावतो की माणसं उतरून चालतात आणि पुन्हा चढतात. शेजारच्या बाकावर मोहाची फुलं भरलेलं गाठोडं आहे. त्याचा उग्र गोड वास डब्यात भरून राहिला आहे.

या डोंगरात १९३२ पासून दोन माणसं राहत आहेत. एक ऑक्सफर्डहून आलेले वेरियर एल्विन, दुसरे मराठी कुटुंबातले शामराव हिवाळे. गोंडांची आणि बैगांची गाणी ते शब्दशः उतरवून घेत आहेत. १९३५ मध्ये त्या गाण्यांचं पहिलं पुस्तकही इंग्रजीत निघालं आहे. शब्द कागदावर आले, पण चालींचं काय?

रात्री तुम्ही गावात पोहोचता. शेकोटी पेटली आहे. करमा सुरू होणार आहे. एका रांगेत बाया, समोर पुरुष, एकमेकांच्या कमरेला हातांची साखळी. मांदर गळ्यात अडकवलेला गडी मध्ये उभा राहतो आणि पहिली थाप पडते. पुरुष एक ओळ टाकतात, बाया ती उचलतात आणि जरा वाकवून परत करतात. चालीचा आवाका लहान, जेमतेम तीन-चार स्वरांचा. पण तिच्यात किती हालचाल आहे! गंधार एकदा चढा लागतो, एकदा उतरता. शेवटचा स्वर घसरत श्वासात विरतो. मात्रा मोजायला जावं, तर पावलं वेगळीच गिनती सांगतात.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि हे लिहून दाखवा. युरोपच्या पाच रेघांत लिहायचं, तर प्रत्येक स्वर पियानोच्या पट्टीशी जुळला पाहिजे. इथले स्वर दोन पट्ट्यांच्या मधे राहतात. आपल्या सारेगम पद्धतीत लिहायचं, तर कुठल्या थाटात बसवणार? लिहिणाऱ्याला क्षणोक्षणी ठरवावं लागतं की गायकाचा स्वर सरकला की आपला कान चुकला. बहुतेक वेळा कानच चुकलेला असतो. तबकडी ऐकून जे कॉफमन युरोपातच शिकला होता, ते त्याला इथे पुन्हा कामी आलं. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘म्युझिकल क्वार्टर्ली’ या प्रतिष्ठित नियतकालिकात त्याचा लेख छापून आला. विषय होता, गोंड आणि बैगांची लोकगीतं. बेटोफेन आणि मोझार्टवर लिहिल्या जाणाऱ्या त्या पानांवर मैकल डोंगरातल्या चाली स्वरलेखासकट उमटल्या. ज्या काळात इथल्या मोठ्या संगीतसभांनाही गोंडांचं गाणं गाणं वाटत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

कचारगड, माघ पौर्णिमा

परतीची छोटी गाडी तुम्हाला गोंदियाला सोडते. आता आजच्या काळात या. डोंगरगडकडे जाणारी लोकल पकडा आणि सालेकसा तालुक्यातल्या दरेकसा स्टेशनावर उतरा. माघ पौर्णिमा आहे. पिवळे दुपट्टे, पिवळे फेटे, सात रंगांचे झेंडे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, कुठून कुठून गोंड समाज लोटला आहे. जंगलातली पायवाट चढत तुम्ही कचारगडच्या गुहेपाशी येता. डोंगराच्या पोटातली प्रचंड पोकळी, वरच्या भोकातून उतरणारा उजेड, आणि ढोलांचा घुमणारा नाद.

शेजारी बसलेली म्हातारी माणसं कथा सांगतात, ती कान देऊन ऐका. कली कंकालीची तेहतीस मुलं शंभूने या गुहेत कोंडली आणि तोंडावर शिळा ढकलली. पारी कोपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांना सोडवायला आले, पण शिळा हलेना. तेव्हा हिरासुका पाटालीर नावाचा वादक पुढे झाला. त्याने किंगरी छेडली. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ संचारलं, त्यांनी आतून रेटा दिला आणि शिळा सरकली. मुलं बाहेर आली, त्यांच्यापासून गोंडांची कुळं पसरली. सरकलेल्या शिळेखाली हिरासुका मात्र चिरडला गेला.

या कथेत राजा नाही, सेनापती नाही. एका समाजाची सुरुवात एका वादकाच्या बलिदानातून होते, आणि त्या वादकाचं नाव हजारो माणसं आजही दरवर्षी घेतात. गोंडी भाषा आणि संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांच्यासारख्यांनी कचारगडची ही परंपरा लेखणीतून आणि पायपिटीतून लोकांपुढे आणली.

सपरीतला तो प्रश्न इथे वेगळा दिसू लागतो. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता, छापखाना नव्हता, त्यांनी आपल्या संगीतकाराचं नाव राखलं. रेडिओ, छापखाना, सरकारी दप्तर, सगळं हाताशी असून आपण मात्र रोज वाजणाऱ्या धुनेचा कर्ता विसरलो.

ब्लूमिंग्टन, १९६८

अमेरिका, इंडियाना राज्य. बाहेर मॅपलची पानं लाल झाली आहेत. विद्यापीठातल्या वर्गात साठीचा प्राध्यापक फळ्यावर काही लिहितो आहे. जवळ जा. ती रागांची नावं आहेत. मारवा, पूरिया, सोहनी. तिघांचे स्वर तेच, तरी तीन निराळे राग कसे, हे तो अमेरिकन मुलांना समजावतो आहे. कुठल्या स्वरावर थांबायचं, कुठला नुसता शिवायचा, चढताना कोणती वाट धरायची.

कॉफमनने १९४६ मध्ये भारत सोडला. लंडन, मग कॅनडातलं हॅलिफॅक्स. १९४८ ते १९५७ विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचा तो संचालक होता. १९५७ मध्ये तो इथे इंडियाना विद्यापीठात आला आणि १९६४ मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला. अमेरिकी कादंबरीकार हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’वरचा त्याचा ऑपेरा १९६१ मध्ये याच गावात रंगमंचावर आला. पण त्याच्या टेबलावरचे कागद चाळा, म्हणजे त्याचं मन कुठे अडकलं होतं ते कळेल. ‘मद्रास एक्स्प्रेस’ नावाची वाद्यवृंदरचना, १९४८. ‘सिक्स इंडियन मिनिएचर्स’, १९६५. आणि १९६० व १९६१ मधले दोन लेख. एक डोंगरी माडिया, झोरिया मुरिया आणि बस्तर मुरिया गोंडांच्या गाण्यांवर, दुसरा त्यांच्या वाद्यांवर. भारत सोडून चौदा-पंधरा वर्षं झाली, दोन देश बदलले, तरी मांदरीची थाप त्याच्या कानातून गेलेली नाही.

त्याचा उत्तर भारतीय रागांवरचा ग्रंथ याच १९६८ साली प्रसिद्ध झाला. शेकडो पानं, रागांमागून राग, प्रत्येकाची चलनं युरोपीय स्वरलिपीत, आणि मांडणी आपल्या पंडित विष्णु नारायण भातखंड्यांच्या दहा थाटांची. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या एका मराठी वकिलाने आयुष्य वेचून उभं केलेलं शास्त्र, कॉफमनच्या हातून अमेरिकेच्या विद्यापीठात पोहोचलं. १९७६ मध्ये दक्षिणेच्या रागांवरचा ग्रंथ आला. सप्टेंबर १९८४ मध्ये कॉफमन ब्लूमिंग्टनमध्येच वारला.

टोरांटो, २०२०

शेवटचा मुक्काम. टोरांटोच्या रॉयल कन्झर्व्हेटरीतल्या ‘एआरसी आँसाम्ब्ल’ या गटाने कॉफमनच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली आहे. हा गट युरोपातून परागंदा झालेल्या संगीतकारांच्या विस्मृत रचना शोधून वाजवतो. सातवी आणि अकरावी स्ट्रिंग क्वार्टेट, व्हायोलिनची सोनाटा, सात वाद्यांचं सेप्टेट. कानाला लावा. दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो युरोपच्या रीतीने एकमेकांशी बोलत आहेत; मधेच खालचा स्वर स्थिरावतो, तंबोऱ्याची जागा चेलो घेतो, आणि वरून ओळखीची सुरावट झेपावते.

हे संगीत इतकी वर्षं पडून का राहिलं? कॉफमन ज्या देशात जन्मला, तो देश त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. युरोप-अमेरिकेच्या नव्या संगीताला त्या काळी वेगळे प्रयोग हवे होते, आणि त्याच्या रागदारी सुरावटी तिथल्यांना दूरदेशीची नवलाई वाटल्या. भारतात ते वाजवतील असे वाद्यवृंद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तो कोणाचा, हे ठरलं नाही, म्हणून तो कोणाचाच राहिला नाही. माझ्या मते तो आपला आहे. ऐकण्याच्या बाबतीत त्याने जी नम्रता दाखवली, ती आपल्या संगीतविचारातही दुर्मीळ आहे. परकं वाटलं म्हणून त्याने कान मिटले नाहीत; बारा वर्षं या देशात राहून तो ऐकत राहिला आणि ऐकलेलं उतरवत राहिला.

आता तुम्ही आपल्या काळात आहात, आणि काम तुमच्या हातात आहे. कॉफमनला पेन्सिलीने जे जमवावं लागलं, ते तुमच्या खिशातल्या मोबाइलने एका क्षणात होतं. येत्या माघ पौर्णिमेला कचारगडला जा. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या गावांत जा. रेला आणि करमा गाणाऱ्या बायांना परवानगी विचारा, गाणं मुद्रित करा, आणि त्यासोबत गाणारीचं नाव, गाव, साल लिहून ठेवा. गोंदियाच्या शाळा-महाविद्यालयांनी हे काम एकेका तालुक्यापुरतं जरी वाटून घेतलं, तरी काही वर्षांत जिल्ह्याचा स्वरसंग्रह उभा राहील. आणि आकाशवाणीने आपल्या प्रसारणात कधीतरी एवढं सांगावं: ही धून वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे.